हाताला मुंग्या येतात? आधी सायकलचं हँडल मोजा

या पानावर आपण साखर, रक्तदाब, पाळीच्या तक्रारी, अंगातलं रक्त कमी होणं यावर बोलत असतो. आज विषय सायकलच्या हँडलचा आहे. आरोग्याच्या पानावर सायकलचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण चाकूर आणि आसपासच्या गावांतल्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना एक तक्रार आमच्या कानावर सारखी येते. नववीतली मुलगी म्हणते, "ताई, शाळेत गेल्यावर पेन धरता येत नाही, करंगळी बधिर पडती." गवंड्याच्या हाताखाली जाणारा भाऊ म्हणतो, "सिस्टर, मानंपासून खांद्यापर्यंत भरून आलंय, काही गोळी-बिळी द्या." बाम, गोळी, सुई, पट्टा असं सगळं करून झालेलं असतं. आम्ही विचारतो, कशावर आलात? सायकलवर, म्हणतात. मग आम्ही बाहेर येऊन माणसाला सायकलवर बसवतो आणि समोरून बघतो. पुष्कळदा दुखण्याचं निम्मं उत्तर तिथेच दिसतं. दोन्ही हात फाकलेले, कोपरं ताठ, खांदे कानाकडे चढलेले, कारण हँडल त्या शरीराच्या मानाने फार रुंद असतं.

सायकलवर बसल्यावर अंगाचा भार तीन ठिकाणी वाटला जातो. सीट, पायडल आणि हँडल. सीट वर-खाली करता येते हे सगळ्यांना माहीत आहे. हँडलची रुंदी मात्र मोजायची असते हे फारसं कुणाला माहीत नसतं. दुकानातून जसं आलं तसं ते जन्मभर वापरायचं, असाच समज आहे.

रुंदीने हाताला काय होतं

खांद्याच्या टोकाला एक हाड हाताला लागतं. गळ्याखालच्या हासळीवरून बोट बाहेरच्या बाजूला नेत गेलं की जिथे हाड संपून बोट खाली घसरतं, ते टोक. दोन्ही बाजूंच्या या टोकांमधलं अंतर म्हणजे आपल्या खांद्याची खरी रुंदी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीत ते साधारण ३० ते ३४ सें.मी. भरतं, मोठ्या बाईत थोडं जास्त, पुरुषात आणखी जास्त. बाजारात 'रेंजर' म्हणून मिळणाऱ्या सायकलींचं सरळ हँडल बहुधा ६० सें.मी.च्या आसपास असतं. मुठीच्या मध्यावर हात धरला तर दोन हातांत ४८ सें.मी. अंतर पडतं. ३२ सें.मी. खांद्याच्या मुलीचा प्रत्येक हात खांद्याच्या रेषेपासून ८ सें.मी. बाहेर जातो.

८ सें.मी. म्हणजे काय, असं वाटेल. पण हात एवढे बाहेर गेले की पुढची मूठ गाठण्यासाठी कोपर सरळ करावं लागतं. सरळ कोपराने धक्का पचत नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा चाकातून चिमट्यात, चिमट्यातून हँडलमध्ये आणि तिथून थेट खांद्यात जातो. कोपर थोडं वाकलेलं असेल तर तोच धक्का हाताच्या स्नायूंत जिरतो. शिवाय हात फाकून धरले की मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू सतत ताणलेला राहतो. पाच मिनिटं काही वाटत नाही. रोज येऊन-जाऊन तासभर चालवलं की रात्री मान वळत नाही.

मुंग्यांचं कारण वेगळं आहे. तळहातात करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या जरा पुढे, एका अरुंद जागेतून एक नस जाते. करंगळी आणि अनामिकेची निम्मी बाजू तिच्याकडे असते. मूठ घट्ट आवळून त्या जागेवर भार टाकत राहिलं की नस दाबली जाते. सायकल चालवणाऱ्यांच्या या दुखण्याला वैद्यकात नावच सायकलवरून पडलेलं आहे, इतकं ते जुनं आणि ओळखीचं. दुसरी नस मनगटाच्या मधून जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट तिच्याकडे. मनगट मागे मुडपून धरलं की ती दाबते. म्हणून आम्ही नेहमी विचारतो, मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांना येतात? "सगळ्या हाताला" असं उत्तर आलं तर दोन दिवस नीट लक्ष ठेवून सांगायला सांगतो. बोट कळलं की दाब कुठे पडतो ते कळतं.

हँडल फार अरुंद असलं तरी त्रास आहेच. वळताना गुडघा मुठीला लागतो, कोपरं बरगड्यांना भिडतात, आणि चाक जरा दगडावर चढलं की हँडल हातातून फिरतं. रुंद हँडलला लांब पान्यासारखा जोर असतो, अरुंदला तो नसतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चाकोरीत चाक अडकलं की हा जोर लागतोच. म्हणून कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याने हँडल दोन सें.मी. रुंदच ठेवावं, डांबरी रस्त्याने जाणाऱ्याला कमी चालतं. सोण भिक्खूला तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला होता, ती फार ताणलेली नको आणि फार सैलही नको, ही गोष्ट विहारात आपण ऐकलेली आहे. हँडलचं गणित फारसं निराळं नाही.

माप कुणाचं?

आता थोडं विषयाच्या बाजूचं, पण आम्हाला महत्त्वाचं वाटणारं. सायकलचं माप कोणत्या शरीरावरून ठरतं? २०२५ साली सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींसाठी हँडलची किमान रुंदी ४० सें.मी. ठेवण्याचा नियम जाहीर केला. लहान बांध्याच्या महिला खेळाडूंनी लगेच हरकत घेतली की हे माप आमच्या खांद्यांना मोठं पडतं. ज्यांच्यासाठी लाखोंच्या सायकली बनतात त्यांची ही गत, तर आपल्या मुलींच्या खांद्याचा विचार करून कारखान्यातून हँडल येईल अशी आशा कशाला करायची?

तमिळनाडूत पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांनी सायकल शिकण्याची मोठी चळवळ झाली. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. खेड्यापाड्यांतल्या, शेतात मजुरी करणाऱ्या, खाणीत काम करणाऱ्या बाया हजारोंनी सायकलवर बसल्या. लेडीज सायकली पुरेशा नव्हत्या, आणि पुष्कळ जणींना जेन्ट्स सायकलच आवडायची, कारण पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं. म्हणजे बाईने आपल्या कामाच्या हिशेबाने सायकल निवडली. आम्हाला हे फार पटतं. कुणी म्हणतं मुलीला लेडीज सायकलच पाहिजे, कुणी म्हणतं रेंजर दिसायला चांगली. सायकल कशासाठी वापरायची आणि अंग केवढं आहे, हे बघून ठरवावं.

बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. पुढे त्यावर अभ्यास झाला, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी चांगलीच वाढल्याचं दिसलं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळेपासून ५ कि.मी.च्या आतल्या गावांतल्या मुलींसाठी ही योजना आहे. रक्कम आधी ३५०० रुपये होती, २०२२ मध्ये ती ५००० केली. आपली शाळा त्यात येते का, हे मुख्याध्यापकांना विचारा. याशिवाय अनेक जिल्हा परिषदा आपल्या सेस निधीतल्या मागासवर्गीयांच्या २० टक्क्यांतून मुलींना सायकली देतात. त्याची चौकशी पंचायत समितीत करावी.

मानव विकासचे पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात आणि सायकल पालकांनी विकत घेऊन पावती शाळेत द्यायची असते. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कोणती सायकल घ्यायची हे दुकानात तुम्ही ठरवता. मुलीला बरोबर न नेता बाप एकटाच जातो, दुकानदार "या बजेटात ही एकच बसती" म्हणून समोरची काढून देतो आणि ती टेम्पोत टाकून घरी येते, असं आम्ही खूपदा पाहिलं आहे. मुलगी तिच्यावर पहिल्यांदा बसते ती घरासमोर. हँडल रुंद, ब्रेक बोटांना पुरत नाही, पण सगळे म्हणतात, "फुकटात मिळालीय, होईल सवय." शरीराला अशी सवय होत नसते, शरीर दुखतं. सरकारी पैशाची असो की उसनवारीने घेतलेली, सायकल आपल्या अंगाला बसणारी मागण्यात उपकार विसरण्यासारखं काही नाही. दुकानात सायकलवर बसून बघायला मागायला लाज कसली? चप्पल घेताना पाय घालून बघतोच की आपण.

मुलगी सायकल सोडते तेव्हा पुढे काय होतं, तेही सांगतो. दुखतं म्हणून ती चार दिवस बसने जाते. बस चुकली की कुणाच्या तरी मोटारसायकलीवर बसायची पाळी येते. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, एवढी यातायात कशाला, राहू दे शाळा. एका गावातल्या दोन बहिणींच्या बाबतीत गोष्ट इथवर आली होती. त्यातल्या धाकटीची सायकल आम्ही सायकलवाल्याकडून नीट करून घेतली. ती पुन्हा जायला लागली आणि थोरलीही तिच्या मागे बसून जायला लागली. (दोघींचं वजन एका कॅरियरवर, हे आम्हाला पसंत नाही. पण दुसऱ्या सायकलीचे पैसे यायचे आहेत.)

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत प्रवासाचे प्रसंग लिहिले आहेत. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही लहान भावंडं मसूर स्टेशनवर अडकली. गाडीवान अस्पृश्यांची मुलं म्हणून गाडी हाकायला तयार नव्हता. दुप्पट भाडं देऊन मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, असं ठरलं. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच. एकही टांगेवाला बाबासाहेबांना घेऊन टांगा हाकेना. वस्तीतल्या लोकांना आपला पाहुणा पायी चालवत नेणं अपमानाचं वाटलं, म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम धरला. त्याला टांग्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. आपल्या वस्तीत स्वतःच्या मालकीचं दोन चाकांचं वाहन येणं किती मोठी गोष्ट आहे, ते यावरून कळतं. त्या वाहनावर हाताचा पूर्ण ताबा असणं किती गरजेचं, हेही त्याच प्रसंगात आहे.

मोजायचं कसं

शिंप्याची टेप पुरते. माणसाला भिंतीला पाठ लावून सरळ उभं करा, खांदे सैल सोडायला सांगा. दुसऱ्याने खांद्याच्या टोकाची दोन्ही हाडं बोटाने चाचपून भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. माणूस बाजूला झाला की खुणांमधलं अंतर मोजा. टेप पाठीवरून वळवून मोजू नका, माप जास्त येतं.

आता सायकलवर एका मुठीच्या मध्यापासून दुसऱ्या मुठीच्या मध्यापर्यंत मोजा. रोजच्या वापराच्या, ताठ बसून चालवायच्या सायकलीत हे अंतर खांद्यापेक्षा ८ ते १२ सें.मी. जास्त असलं की बहुतेकांना बरं पडतं. खांदा ३२ असेल तर हातांत ४० ते ४४. मूठ साधारण १२ सें.मी. लांब असते, म्हणजे हँडल टोकापासून टोकापर्यंत ५२ ते ५६. मुरडलेल्या शिंगांसारख्या हँडलच्या रेसिंग सायकलीचा हिशेब वेगळा आहे. तिथे हँडल खांद्याएवढंच लागतं आणि ती बहुधा ३८ ते ४४ सें.मी.च्या मापांत मिळतात. डोंगरातून उड्या मारायच्या सायकलींची हँडलं आता ७०-८० सें.मी. पर्यंत गेली आहेत. ती बघून आपल्या पोरांनी तशीच बसवून घ्यायचं काही कारण नाही. चाकूरहून लातूर-नांदेड रस्त्याला लागलं की बाजूने ट्रक जातात, तिथे हँडल जितकं बाहेर तितकी धास्ती जास्त.

हे आकडे सुरुवातीसाठी आहेत. शेवटचं उत्तर शरीर देतं. सायकलवर बसवून समोरून बघा. कोपर किंचित वाकलेलं, मनगट सरळ आणि खांदे खाली सैल असावेत. मग जुन्या सायकलीच्या मुठी बघा. रबर कुठे झिजलंय? आतल्या टोकाला झिजलं असेल तर हात आपोआप आत सरकतात, म्हणजे हँडल रुंद आहे. हे दिसलं तर दुर्लक्ष करू नका. आत सरकलेल्या हाताची बोटं ब्रेकच्या दांडीवर नीट पडत नाहीत. कुत्रं आडवं आलं की हात आधी बाहेर न्यायचा आणि मग ब्रेक दाबायचा, एवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं.

मोठ्या काळ्या सायकलीचं हँडल मागे वळलेलं असतं, मुठी चालवणाऱ्याकडे तोंड करून असतात. त्यात मनगट आपसूक सरळ राहतं आणि अंगाचा भार हातावर कमी येतो. खांदेदुखी असलेल्या वयस्कर माणसांना, आशाताईंना, अंगणवाडीच्या बायांना हे हँडल सरळ दांड्यापेक्षा मानवतं, असा आमचा अनुभव आहे. दिसायला जुनाट वाटतं एवढंच.

सायकलवाल्याकडे गेल्यावर

हँडलला हात लावण्याआधी सीट बघा. सीटचं नाक पुढे झुकलेलं असेल तर माणूस सारखा पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातावर येतो. सीट सपाट करा. उंची अशी ठेवा की पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकवली तर गुडघा जवळजवळ सरळ होईल. कित्येकांच्या मुंग्या एवढ्यानेच कमी होतात.

नंतर रुंदी. सरळ हँडल आणि वायरचे ब्रेक असतील तर काम सोपं आहे. मुठी आणि ब्रेकच्या दांड्या ढिल्या करून दोन-दोन सें.मी. आत सरकवायच्या आणि विहाराच्या अंगणात दहा मिनिटं चालवून बघायचं. रस्त्यावर नको, कारण पाइपाची टोकं उघडी असतात. बरं वाटलं तर पाइप कापायचा. दोन्हीकडून सारखा, आणि एका वेळी एकच सें.मी. कापलेला पाइप परत जोडता येत नाही. कापल्यावर कड कानसेने घासून गुळगुळीत करून घ्या. वाढत्या वयाच्या मुलीसाठी फार कापू नका, दोन-तीन वर्षांत खांदे वाढतात. कधी कधी कापण्यापेक्षा दुसरं, अरुंद हँडल टाकणं स्वस्त पडतं. जुन्या सायकलीचं काढलेलं हँडल सायकलवाल्याच्या ढिगाऱ्यात सापडतंच.

सळईचे ब्रेक असलेल्या मोठ्या सायकलीचं हँडल मात्र कापू नये. ब्रेकच्या दांड्या त्या हँडललाच बसवलेल्या असतात. तिथे रुंदी बदलायची तर पूर्ण हँडल बदलावं लागतं. नुसतं उंच करूनही पुष्कळ फरक पडतो, कारण मूठ जवळ येते. उंच करताना हँडलच्या उभ्या दांड्यावरची खूण बघा, ती बाहेर दिसता कामा नये. फार थोडा दांडा आत राहिला तर तो चालता चालता निखळतो. काम झाल्यावर पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल जोराने फिरवून बघा. फिरलं तर पाना पुन्हा लावा.

लहान हाताच्या मुलींसाठी आणखी एक. वायरच्या ब्रेकच्या बऱ्याच दांड्यांना मुळाशी एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी मुठीजवळ येते. बोटाचं पहिलं पेर दांडीवर सहज वळलं पाहिजे. आणि जयंतीच्या रॅलीत झेंड्याची काठी हँडलला बांधाल तेव्हा ब्रेकची वायर दोरीत आवळली जाणार नाही एवढं बघा. दर १४ एप्रिलला आम्ही निम्म्या पोरांच्या दोऱ्या सोडून परत बांधतो.

घागरी आणि ओझी

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. तेव्हाही आणि आताही उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातलं पाणी सायकलवरून वाहिलं जातं. हँडलच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या घागरी, मागे कॅरियरला आणखी दोन, आणि बाई किंवा पोरगा सायकल ढकलत चाललेला. एक घागर १५ लिटरची धरली तरी हँडलवर ३० किलो होतात. एवढं वजन हँडलवर असताना अरुंद हँडल सावरत नाही, तिथे रुंदच पाहिजे. पण ढकलत चालणाऱ्या बाईच्या बरगडीला आणि मांडीला तेच रुंद टोक लागत राहतं. म्हणून आमचं सांगणं असं की जड ओझं मागे घ्या, कॅरियरला दोन्ही बाजूंना सारखं. हँडलला लावायचंच तर दोन्हीकडे अर्धी-अर्धी घागर. एकाच बाजूला भरलेली घागर लटकवून चालवत जाणं म्हणजे मनगट आणि कंबर दोन्हीची वाट लावणं. पाणी आणायची आणि शाळेत न्यायची सायकल एकच असेल तर हँडल मुलीच्या मापाचं ठेवा आणि पाणी मागे.

उघडी टोकं

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून निवांत वाचा. मुठीचं रबर फाटून पाइपाचं लोखंडी टोक बाहेर आलेली सायकल प्रत्येक गल्लीत असते. लेकरू पडताना हँडल फिरतं आणि ते टोक पोटात घुसतं. वरून फक्त गोल वळ दिसतो, कधी तोही नाही. पण आत यकृत, पानथरी, स्वादुपिंड किंवा आतडं यांना मार बसलेला असू शकतो. लेकरू उठतं, रडतं, पुन्हा खेळायला जातं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं, उलट्या होतात, तोंड पांढरं पडतं. पोट दगडासारखं कडक झालं, खांद्यात दुखायला लागलं, लघवी लाल झाली, चक्कर आली, यातलं काहीही झालं तर थांबायचं नाही. पोट चोळायचं नाही, शेकायचं नाही, दुखण्याची गोळी द्यायची नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही. सरळ रुग्णालयात न्यायचं आणि "सायकलचं हँडल पोटात लागलंय" हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. पोरं मार बसेल म्हणून लपवतात, तेव्हा विचारताना रागावू नका.

त्यावर उपाय काही रुपयांचा आहे. नवी रबरी मूठ, जिचं टोक बंद आहे, ती घाला. तोपर्यंत टोकात लाकडी बूच ठोकून वरून जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळा. हँडल कापून घेतलं असेल तर हे केल्याशिवाय दुकानातून हलू नका.

सगळंच सायकलवर ढकलू नका

हँडल नीट करून, हात मोकळे ठेवून दोन-तीन आठवड्यांत मुंग्या कमी झाल्या पाहिजेत. झाल्या नाहीत तर तपासणी करा. रात्री झोपेतून उठवणाऱ्या मुंग्या चाळिशीच्या बायांत, गरोदरपणात, साखर किंवा थायरॉईडचा आजार असणाऱ्यांत मनगटातली नस दाबल्याने येतात. दोन्ही पायांनाही मुंग्या असतील तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. हातातून वस्तू पडायला लागल्या, अंगठ्याजवळचं मांस बसलं, मानेपासून बोटापर्यंत कळ जाते, असं असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका. महिनोन्महिने दाबलेली नस पुढे पूर्ण सुधारत नाही, आणि गवंडी, शिवणकाम, सफाईचं काम करणाऱ्याची रोजी त्याच हातावर असते.

छातीत भरल्यासारखं होऊन डाव्या हातात कळ आली, घाम फुटला, तर तिथे हँडलचा काही संबंध जोडू नका. ते हृदयाचं असू शकतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे लागत नाहीत, तेव्हा खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. फक्त अशा वेळी सायकल चालवत जाऊ नका, कुणाच्या तरी गाडीवर बसून किंवा १०८ला फोन करून जा.

सायकल मोजून घ्यायची असेल त्यांनी पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात सायकलसह यावं. टेप आणि पाना आमच्याकडे असतो. मुलीची सायकल असेल तर मुलीलाही आणा.